वैशाखातली वीस बिळं

ज्ञानदेव शिंगटे गेल्याचं पोस्टकार्ड मला शाळेत मिळालं. चित्रकलेचा तास चालू होता. टेबलावर पितळी तांब्या ठेवून मी त्याचा उजेड आणि सावली वर्गाला समजावून सांगत होतो, तेवढ्यात शिपायाने कार्ड हातात दिलं. वर 'श्री' नव्हतं. तिथेच काय ते कळलं. मग खालच्या चार ओळी वाचल्या. सांगलीला, विषमज्वराने, एकविसाव्या दिवशी... माणसाने अजून चाळिशी गाठली नव्हती. त्या क्षणी माझ्या मनात जो पहिला विचार आला तो लिहायला मला लाज वाटते, पण तो गाळला तर बाकीचं लिहिण्यात काही राम नाही. मला वाटलं, सुटलो. आता त्याला सांगायला नको. मग मी त्या तांब्याकडे बघत किती वेळ उभा होतो कोण जाणे. तास संपल्याची घंटा झाली तेव्हा वर्ग भानावर आला आणि मीही.

या गोष्टीला आता दोन महिने होतील. वर्तमानपत्राच्या पुरवणीच्या संपादकांचं पत्र आलं, की आपण त्यांचे जुने स्नेही, त्यांच्या खेकड्यांची चित्रं आपणच काढलीत, तेव्हा त्यांचा व्यासंग, स्वभाव, चार गमतीच्या आठवणी असं काही लिहून द्या. देतो. गमतीच्या आठवणी पुष्कळ आहेत. फक्त लिहिणारा माणूस कोण आहे ते वाचकांनी विसरू नये, म्हणून ती 'सुटलो'ची गोष्ट आधीच सांगून टाकली.

आमची ओळख साताऱ्यातल्या वसतिगृहातली. तो औंधच्या बाजूच्या एका खेड्यातून आलेला, बाप पलटणीत, घरी चार एकर जिरायत. मी साताऱ्यातलाच, पण घरात जागा कमी म्हणून वसतिगृहात ढकललेला. पहिल्याच आठवड्यात त्याच्या ट्रंकेतून खरखर ऐकू आली. उघडून बघतो तर ओल्या फडक्यात गुंडाळलेला एक भलाथोरला खेकडा. मी ओरडलो, तर हा शांतपणे म्हणाला, "वरडू नगं रं सदा. बाळंतीण हाय ती." आणि त्याने तिला उलटी करून दाखवली. खेकड्याच्या मादीच्या पोटाखाली एक रुंद घडी असते. त्याने ती नखाने अलगद उचलली. आत मसुराच्या दाण्याएवढी, पण अगदी पाय-नांग्यांसकट पुरी झालेली पिल्लं एकमेकांना बिलगून बसली होती. समुद्रातली खेकडी अंडी फुटताच अळ्या पाण्यात सोडून मोकळी होते, आपल्या ओढ्यातली खेकडी मात्र पिल्लं हिंडती-फिरती होईपर्यंत पोटाशी घेऊन वावरते, हे मला त्या दिवशी कळलं. त्याला ते लहानपणापासून ठाऊक होतं. पुढे पुण्या-मुंबईला जाऊन त्याने प्राणिशास्त्राच्या पदव्या घेतल्या आणि सांगलीच्या कॉलेजात शिकवायला लागला, तरी त्याचा सगळा अभ्यास त्या ट्रंकेतूनच निघाला असं मला वाटतं.

मी ड्रॉइंग मास्तर झालो. त्याच्या शोधनिबंधांसाठी आकृत्या हव्या असत, त्या मी काढायचो. पहिली आकृती मोठ्या हौसेने काढली होती. डावी नांगी जराशी उचललेली, पाठीवर चकाकी, खाली ओल्या दगडाची सावली. त्याने ती हातात धरून बराच वेळ पाहिली. म्हणाला, "गड्या, खेकडा देखणा झालाय. पण असा देवाने केलेला नाही." आणि मला नांगीवरचे दात मोजायला बसवलं. मी एक दात जास्त काढला होता, चित्राला तोल यावा म्हणून. तोल गेला खड्ड्यात, म्हणाला, जेवढे आहेत तेवढे काढ. मी जन्माचा आळशी आणि वर हौशी. आहे त्यापेक्षा बरं दिसावं ही माझी खोड. त्याला ही खोड पहिल्या दिवशीच दिसली होती, तरी त्याने पुढे पंधरा वर्षं माझ्यावर भरवसा टाकला. हे असं का, याचं उत्तर मला सापडलेलं नाही.

सांगलीच्या बाजारात त्याला 'खेकडेमास्तर' म्हणत. श्रावण-भादव्यात खेड्यातल्या बाया टोपल्यांतून खेकडे विकायला आणतात. हा कोट-टोपी घालून त्या टोपल्यांसमोर उकिडवा बसायचा आणि एकेक खेकडा उलटा करून बघायचा. अरुंद घडीचा नर, तो परत टोपलीत. रुंद घडीची मादी दिसली, की पोट तपासायचा. एकदा मी बरोबर होतो. एक म्हातारी खवळली, "आवं मास्तर, खेकडं घ्याचं हाय का त्येंची लगीनं जुळवायची हाईत?" सगळा बाजार हसला. हाही हसला आणि म्हणाला, "आजी, पिल्लंवाल्या वायल्या काडा. त्या मी घेतो, आन सांजच्याला नदीत सोडतो." म्हातारी म्हणाली, "मंग त्या मीच सोडते की, तुमी कशाला घेतासा? पन सोडल्यावं माज्या नातवंडांच्या कोरड्यासात काय टाकू, ते बी सांगा." परतताना नदीशी आल्यावर तो म्हणाला, शास्त्राच्या पुस्तकात म्हातारीला जागा नसते गड्या. त्याच वर्षी त्याने डबक्यांत आणि खड्ड्यांत मासे नि खेकडे पाळता येतील का, याचा विचार सुरू केला. पाण्यातलं जगलं पाहिजे आणि काठावरचंही जेवलं पाहिजे, हे त्याचं पुढचं सगळं काम.

लढाई सुरू झाली आणि नमुने ठेवायला स्पिरिट मिळेनासं झालं. बरण्या रिकाम्या, आणि आत घालायला खेकडे तयार. तेव्हा हा गृहस्थ कुठल्याशा रानातल्या भट्टीवर बरणी घेऊन गेला आणि पहिल्या धारेची भरून आणली. गावभर बोभाटा झाला, की प्रोफेसरांना लागली. कॉलेजच्या वरिष्ठांनी बोलावून घेतलं. याने बरणी नेऊन टेबलावर ठेवली. आत खेकडा. "मी पीत नाही साहेब, हा पितो," म्हणाला. ही गोष्ट तो स्वतः कधी सांगत नसे. त्याची पत्नी, आमच्या राधावहिनी सांगायच्या, पदर तोंडाला लावून. तसं त्या घरात हसू पुष्कळ होतं... तळ्याचा बांध फुटेपर्यंत.

आता त्या बांधाचं. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. औंधच्या वाटेवर, मोठ्या सडकेपासून दोन कोस आत एक लहानसं गाव आहे. गावाला मातीच्या बांधाचं तळं. बांधाच्या खालच्या अंगाला ज्ञानदेवाने गावकऱ्यांकडून चार खड्डे खणून घेतले होते आणि कृष्णेच्या डोहातून आणलेली माशांची पिल्लं त्यांत वाढवायला ठेवली होती. ते सगळं सांभाळायचे महादू भोई आणि त्याची बायको तानूबाई. महादू अबोल माणूस. तानूबाईच्या तोंडाचा पट्टा मात्र अखंड चालू. पिल्लांना कोंडा टाकतानाही त्यांच्याशी बोलायची.

त्या गावात एक जुनी वहिवाट होती. वैशाखात तळं आटलं, की घरटी एक माणूस बांधावर जायचा. प्रत्येक घराला बांधाचा तुकडा वाटून दिलेला. त्या तुकड्यात खेकड्याची जेवढी बिळं दिसतील तेवढी कुदळीने मुळापासून खणायची, खेकडा काढायचा, आणि खड्ड्यात ओली माती घालून धुमसाने चोपायची. खेकडा बांध पोखरतो, पावसाळ्यात पाणी त्या वाटेने शिरतं, हे त्यांना बापजाद्यांपासून माहीत. ज्ञानदेवाला ही खणाखणी पटत नव्हती. त्याचं म्हणणं, की बीळ हात-दीड हात खोल, आणि त्यासाठी तुम्ही कमरेएवढा खड्डा करता. जुनी घट्ट माती उकरून वर पोकळ भर घालता. खेकड्यापेक्षा कुदळच बांधाला जास्त मारते. नुसतं तोंडाशी हातभर माती ठासा, पुरे. शिवाय उन्हाळ्यात मातीत निजलेल्या माद्या वाचल्या, तर पावसाळ्यात त्यांची पिल्लं खड्ड्यांत वाढवता येतील.

पण त्याची मोजणी होती श्रावणातली, पाणी भरपूर असतानाची. उन्हाळ्यातली बिळं मोजल्याशिवाय मी गावाला शब्द देणार नाही, असं तो स्वतःच म्हणाला होता. सुट्टीत तो साताऱ्याला माझ्याकडे आला तो त्यासाठीच, आणि आल्या दिवशी हिवतापाने पडला. गोधडीतून हुडहुडत मला म्हणाला, "सदा, तू जाऊन ये. निरगुडीची लवचीक फांदी घे, बिळात घालायची, टेकली की तोंडाशी अंगठा धरायचा, काढून मोजायचं. वीस बिळं. बांधाच्या मधल्या भागातली. एवढंच कर."

मी निघालो. कोळशाच्या गॅसवरची सर्व्हिस मोटार दोनदा बंद पडली आणि फाट्यावर उतरलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. गाव दोन कोस. वाटेला एक झाड नाही. फाट्याजवळच एक मळा होता, विहीर, आंब्याची गर्द सावली, आणि मोटेचं पाणी वाहून नेणारा पाट. त्या पाटाच्या ओल्या काठाला बिळंच बिळं होती. मी सावलीत बसलो, भाकरी खाल्ली, विहिरीचं गार पाणी प्यालो. मग मनाशी म्हटलं, खेकडा तोच, माती तीच. बीळ इथलं काय नि तिथलं काय... आणि पाटाच्या काठची वीस बिळं अगदी काळजीपूर्वक मोजली. दुपारच्या मोटारीने घरी परत. ज्ञानदेवाच्या वहीत वीस आकडे लिहिले. एकही आकडा खोटा नाही. वर जागा लिहिली, 'तळ्याचा बांध, मधला भाग'. तेवढंच खोटं.

खेकड्याला ओल लागते. पाटाकाठी ओल हाताशी होती, म्हणून बिळं उथळ. कोरड्या पडलेल्या बांधात खेकडा ओलीच्या मागे खाली खाली, आत आत जात राहतो. हे मला माहीत नव्हतं असंही म्हणवत नाही. त्यानेच कधीतरी बोलता बोलता सांगितलं होतं. मी ऐकलं नव्हतं.

ताप उतरल्यावर आठ दिवसांनी आम्ही दोघं गावात गेलो. मारुतीच्या पारावर माणसं जमली. ज्ञानदेवाने वही उघडून आकडे वाचले. महादू भोई सहसा बोलत नसे, त्या दिवशी बोलला. "मास्तर, उन्हाळ्यात खेकडं लय आत जातंय. माजा बा म्हनायचा, बांधाच्या ह्या अंगाचा खेकडा त्या अंगाला निगतोय." ज्ञानदेव म्हणाला, "महादू, मी ऐकीव सांगत नाही. ह्या माझ्या मित्राने भर वैशाखात तुमच्या बांधावर उभं राहून मोजलंय." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

सभा उठल्यावर तानूबाईने घरी नेऊन ताक दिलं. तांब्या माझ्या हातात देताना म्हणाली, "आवं गुर्जी, येवड्या उन्नाचं तुमी बांधावर आलासा, आन आमच्याकडं पानी बी न्हाई प्यालासा? आमचं घर तर बांधाच्या तोंडालाच हाय. मी दिसभर खड्ड्यावर हुते की. मला कसं दिसला न्हाईसा?" मी म्हटलं, "घाईत होतो बाई." ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. मग हसून म्हणाली, "बगा बया! माजंच ध्यान न्हवतं जनू." ते ताक मी उभ्या उभ्या प्यालो. तिच्या जागी दुसरी कोणी असती तर खोटं पकडलं असतं. तिने स्वतःच्या डोळ्यांवर ठपका ठेवला आणि मला सोडून दिलं.

त्या वर्षी गावाने कुदळी घरी ठेवल्या. बिळांच्या तोंडाशी हातभर माती ठासली. आषाढात सात दिवस पाऊस थांबला नाही. आठव्या दिवशी, सकाळच्या न्याहारीच्या वेळेला, बांध मधोमध फुटला. तानूबाई खालच्या खड्ड्यांवर होती. पिल्लं वाहून जाऊ नयेत म्हणून जाळं बांधत होती. ती अर्ध्या कोसावर, बाभळीच्या बेटात सापडली.

आम्ही पोचलो तेव्हा पाऊस थांबला होता. फुटलेल्या बांधाची दोन्ही तोंडं उघडी पडली होती, सुरीने भाकरी कापावी तशी. आणि त्या उभ्या कापात बिळं दिसत होती. हातभर नाहीत, सहा-सहा हात. वरून तिरकी उतरत, वाटेत एकमेकांना मिळत, थेट पाण्याच्या अंगापर्यंत. तोंडाशी गावाने ठासलेल्या मातीची बुचं अजून जागच्या जागी होती. ज्ञानदेव चिखलात गुडघ्यावर बसून त्या कापाकडे बघत होता. मागे न वळता मला म्हणाला, "काढ." मी म्हटलं, "काय?" म्हणाला, "आकृती काढ. जशी आहे तशी." महादू भोई वर कडेला उभा होता. त्याच्या समोर बसून मी ती आकृती काढली. माझ्या हातून झालेली ती सर्वांत अचूक आकृती आहे. तिच्यात एक रेघ जास्त नाही.

आणि मग ज्ञानदेव जे बोलला त्याने माझी पुढची चार वर्षं खाल्ली. म्हणाला, "वैशाखात दीड हात होती. म्हणजे दोन महिन्यांत ह्यांनी साडेचार हात खणलं... हे कसं झालं सदा?" माझे आकडे चुकले असतील अशी शंकाही त्याला आली नाही. खेकडे खोटं वागले असतील, माती खोटी वागली असेल, त्याची स्वतःची अक्कल खोटी असेल, पण सदाची मोजणी खोटी नाही.

तेव्हाच सांगायला हवं होतं. समोर महादू होता, म्हणून सांगितलं नाही. परतताना मोटारीत माणसं होती, म्हणून नाही. मग महिना गेला, आणि महिना गेल्यावर सांगणं आणखी अवघड झालं. असत्याला पाय नसतात म्हणतात. नसतील, पण ते एका जागी बसून वाढत राहतं एवढं मी अनुभवाने सांगतो.

ज्ञानदेवाने सांगलीच्या घरात मागच्या खोलीत एक पेटी करवून घेतली. एका बाजूला काच, आत माती. कॉलेजातून आला, की तो काचेसमोर स्टूल घेऊन बसायचा आणि खेकडे किती खणतात ते काचेवर खडूने आखायचा. दोन महिन्यांत साडेचार हात... त्याचे खेकडे चार बोटं जायचे आणि ओल लागली की थांबायचे. मग त्याने माती बदलली. त्या फुटक्या बांधाची माती पोती भरून आणवली. कोरडी ठेवून पाहिली, भिजवून पाहिली. नर ठेवले, माद्या ठेवल्या. पिल्लंवालीही ठेवली, जे त्याने आधी कधीच केलं नसतं. बाकीचं सगळं काम पडलं. ज्या निबंधांसाठी मी आकृत्या काढत होतो ते पुरे झालेच नाहीत. स्वातंत्र्य आलं त्या आठवड्यात मी सांगलीला होतो. रस्त्याने माणसं गुलाल उधळत चालली होती, आणि हा काचेसमोर. मला म्हणाला, "कुठं तरी चुकतंय गड्या. तुझे आकडे पक्के आहेत, तिथून पुढं मी धरून चाललोय." मी तोंड उघडलं. "ज्ञानदेवा, ते आकडे..." एवढं बोललो. त्याने हात वर केला. "त्यांच्याबद्दल बोलू नकोस. तू उन्हातान्हात माझ्यासाठी गेलास, आणि मी तापाचं निमित्त करून घरी निजलो. मी स्वतः गेलो असतो तर माझ्या डोळ्यांना काहीतरी दिसलं असतं." त्याचे डोळे भरून आले होते. मित्राला रडताना बघून माणूस जवळ जातो. मी उठून खिडकीशी गेलो.

दर वैशाखात तो त्या गावी जायचा. मला कधी ये म्हणाला नाही, मीही विचारलं नाही. आल्यावर उजवा हात काखेपर्यंत मातीने भरलेला असायचा, एवढं वहिनींकडून कळायचं.

पोस्टकार्ड आलं त्यानंतर दिवसकार्याला मी गेलो नाही. आजारी आहे असं कळवलं. दसऱ्यानंतर मात्र राहवेना. पोस्टकार्ड आल्यापासून मला रोज तानूबाई विचारत होती, मला कसं दिसला न्हाईसा, मला कसं दिसला न्हाईसा. वर्गात फळ्याकडे तोंड केलं, की मागून विचारायची. सांगलीला गेलो. वहिनी मागच्या खोलीत होत्या. काचेच्या पेटीत वरून ओंजळीने पाणी शिंपडत होत्या. म्हणाल्या, "दोन आहेत अजून आत. ह्यांनी पडल्यापडल्या सांगितलं होतं, माती वाळू देऊ नकोस." मी तिथेच, त्या पेटीसमोर, त्यांना सगळं सांगितलं. फाटा, आंबा, पाट, वीस बिळं.

त्यांनी उरलेलं पाणी शिंपडून संपवलं, भांडं पालथं घातलं. मग म्हणाल्या, "ह्यांनी चार वर्षं ह्या पेटीकडे बघितलं, भावजी. माझ्याकडे नाही बघितलं." थोड्या वेळाने म्हणाल्या, "मला सांगून तुम्हाला हलकं वाटत असेल, तर वाटू नये असं मला वाटतं. ज्याची बायको गेली त्याला जाऊन सांगा." त्यांनी मला चहा दिला नाही. त्या घरातून चहा न घेता मी पहिल्यांदाच बाहेर पडलो.

गेल्या आठवड्यात गेलो. फाट्यावर उतरलो आणि दोन कोस चाललो. चार वर्षांपूर्वी न चाललेली वाट ती. दीड तास लागला, जास्त नाही. महादू दारात जाळं विणत बसला होता. केस पांढरे झालेत. मला ओळखलं, पण हातातलं काम थांबवलं नाही. मी उभ्यानेच सांगून टाकलं. मास्तर गेले हे आधी सांगितलं, मग मोजणीचं. आडपडदा ठेवला नाही. तानूबाईने विचारलं होतं आणि मी घाईत होतो म्हणालो, तेही सांगितलं. मला वाटलं होतं तो मारायला उठेल. उठावं, असंच वाटत होतं.

जाळ्याची सुई त्याने बाजूला ठेवली.

"म्हंजी मास्तरांची चूक न्हवती?" त्याने विचारलं.

"नव्हती."

"पैल्या सालाला मास्तर हितं आलं," महादू म्हणाला, "आन माज्या पायावं डोकं ठिवलं. येवडा शिकल्याला मानूस. म्हनलं, म्हादू, तुजी बायकू मी मारली. मी पाय मागं घेतलं गुर्जी. उठा म्हनलो न्हाई. त्ये आपलं आपुनच उठलं. फुडं दर सालाला यायचं. बांधावं हिंडायचं, बिळात हात घालायचं, आन मग हितं यिऊन बसायचं दीस मावळस्तवर. मी येक सबूद बोललो न्हाई. चार सालं. पानी बी इचारलं न्हाई." त्याचा आवाज चढला नव्हता. "तुमी येकदा तोंड उगाडलं असतासा, तर मी त्येस्नी उठवून पोटाशी धरलं असतं. आता कुनाला उठवू?"

अंगणात शेवग्याच्या बुंध्याशी एक चपटा दगड होता, माणूस बसून बसून गुळगुळीत झालेला. मी बसायला त्याच्याकडे वळलो.

"तितं नगा बसू," महादू म्हणाला. "ती मास्तरांची जागा हाय."

मी उभाच राहिलो.